‘गोळ्यो एकव चुकवूक नाय’ : जुलाब, रक्तदाबाची गोळी आणि थांबलेलं मूत्रपिंड

रुग्ण पुरुष, वय ५८, देवगड तालुक्यातले आंबा बागायतदार. (कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.) मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांना आमच्या छोट्या रुग्णालयात आणलं तेव्हा पुतण्याने तक्रार एका शब्दात सांगितली : दम.

छाती जोरात वरखाली होत होती, मिनिटाला ३० वेळा. पुतण्याने वाटेत शेजाऱ्याचा दम्याचा पंप दोनदा मारून पाहिला होता. मी स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुप्फुसं स्वच्छ, बोटावरचं यंत्र ऑक्सिजन ९८ टक्के दाखवतंय. दम्याचा माणूस श्वासासाठी झगडतो, मानेचे स्नायू ताणतो, त्याचं बोलणं तुटक होतं. इथे तसलं काही नव्हतं. श्वास खोल, एका लयीत, तोंड किंचित उघडं, ओठ कोरडे पडून भेगाळलेले. हाक मारली की डोळे उघडत आणि पुन्हा मिटत. अशा श्वासाचं वर्णन आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७४ साली मधुमेहाने बेशुद्ध झालेल्या रुग्णांमध्ये केलं होतं. आमच्या रुग्णाला मधुमेह नव्हता. बोटाला टोचून पाहिलं, साखर १३२.

म्हणजे फुप्फुसं बिघडलेली नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी काम ती अंगावर घेत होती. कुणाचं, ते त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकींच्या, पुढच्या वाक्यात कळलं : “सकाळपासना लघवीक जावक नाय.”

दोन दिवसांत काय घडलं

परवा रात्री एका लग्नघरी जेवण झालं. मध्यरात्रीपासून पाण्यासारखे जुलाब, दिवसाला बारा-पंधरा वेळा, वर उलट्या. रक्त नाही, ताप नाही. त्याआधीचा आठवडा काढणीचा. पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन बागेत, मग पेट्या भरायच्या. कोकणातल्या मे महिन्यात हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे अंग थंड होत नाही, पण पाणी आणि मीठ मात्र जात राहतं. जुलाब सुरू होण्याआधीच हा माणूस थोडा सुकलेला असणार.

पहिल्या दिवशी गावातल्या एका दवाखान्यात अंगदुखीचं इंजेक्शन घेतलं. घरी लिंबू सरबत, साधं पाणी आणि शहाळी. शहाळी भरपूर, कारण घरचेच माड. दोन दिवसांत आठ-नऊ तरी झाली असतील, असं काकी म्हणाल्या. ओआरएसची चव नको वाटली म्हणून पाकीट तसंच राहिलं. मीठ घातलेली पेज ‘पोटात ठरणार नाही’ म्हणून दिली नाही.

आणि औषधं? काकींनी पिशवीतून मेडिकलची कागदी पाकिटं काढून टेबलावर ओळीने मांडली. पहिली पट्टी टेलमिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेल्या रक्तदाबाच्या गोळीची. दुसरी गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, ती त्यांनी स्वतःच दुकानातून आणलेली, काढणीच्या दिवसांत सकाळ-रात्र. रक्तदाबाच्या पट्टीवर काकींनी बॉलपेनने प्रत्येक गोळीखाली वार लिहिले होते. त्या दिवसापर्यंतचं प्रत्येक घर फोडलेलं. “गोळ्यो एकव चुकवूक नाय हां डॉक्टर. उलटी झाली तर परत दिलंय.”

त्या म्हणाल्या ते अभिमानाने, आणि तो अभिमान रास्त होता. जानेवारीत मीच त्यांना बजावलं होतं की रक्तदाबाची गोळी कधी चुकवायची नाही. चिठ्ठीवर अक्षर माझं. कुठल्या दिवशी ती गोळी थांबवायची, हे मात्र मी कुठेही लिहिलं नव्हतं.

तपासणी

नाडी १२४. रक्तदाब ८४/५६, एप्रिलमध्ये तपासला तेव्हा १३० च्या घरात होता. हातपाय गार, नखावर दाबून सोडलं तर रंग परतायला चार सेकंद. एप्रिलच्या नोंदीत वजन ६२ किलो. अंगावरच्या खुणांवरून सात-आठ टक्के वजन पाण्याच्या रूपात गेलं असावं असा अंदाज केला, म्हणजे जवळजवळ ५ लिटर. मूत्राशयात नळी घातली, ४० मिलिलिटर लघवी आली, गडद, उकळून आटलेल्या चहासारखी. लघवी तपासायच्या पट्टीवर रक्त दिसलं नाही. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नेहमीच्या आकाराच्या, कुठे खडा नाही, कुठे अडथळा नाही.

अहवाल आले : युरिया १७६, क्रिएटिनिन ४.० (जानेवारीत १.०); दोन्ही मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा. सोडियम १३०, पोटॅशियम ६.३, क्लोराइड १०४. धमनीतल्या रक्ताचा पीएच (आकडा उतरला की रक्त जास्त आंबट) ७.२४, कार्बन डायऑक्साइडचा दाब २४, बायकार्बोनेट (आम्ल शमवणारं द्रव्य) १०, लॅक्टेट ३. ईसीजीत टी-लहरी उंच आणि टोकदार, पोटॅशियम वाढल्याची खूण.

पुढचं सगळं या आकड्यांच्या भोवती फिरतं, म्हणून आधी मूत्रपिंड एरवी काय करतं ते पाहू.

पाटाचं पाणी

दोन मूत्रपिंडं मिळून वजन पाव किलोच्या आसपास, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा, मिनिटाला एक लिटरहून जास्त, त्यांच्याकडे जातो. प्रत्येकात सुमारे १० लाख नेफ्रॉन. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, तीच गाळणी. दिवसाला १८० लिटर द्रव तिच्यातून गाळला जातो. त्यातला ९९ टक्के नलिका परत रक्तात घेतात आणि दीड-एक लिटर लघवी उरते. आधी जवळजवळ सगळंच बाहेर काढायचं आणि मग हवं ते मोजून परत घ्यायचं, ही पद्धत पहिल्यांदा शिकताना मला उधळपट्टीची वाटली होती. पण नको असलेली प्रत्येक गोष्ट ओळखत बसण्यापेक्षा हव्या असलेल्या थोड्या गोष्टी ओळखणं सोपं असतं, आणि शरीराचं सारं पाणी इतक्या वेळा हातातून गेलं की त्यातला लहानसा बिघाडही लगेच सापडतो.

गाळणी चालते ती दाबावर. दाब घसरला की गाळणं थांबतं, मग नलिका कितीही चांगल्या असोत. हा दाब टिकतो कसा, ते आमच्याकडच्या माणसाला वाडीतल्या पाटावरून चटकन कळतं. उन्हाळ्यात पाटाचं पाणी कमी झालं की माडाच्या आळ्यात ते चढत नाही. मग दोन कामं करतात. वरच्या बाजूला पाटाचं तोंड मोकळं करायचं, आणि आळ्याच्या खालच्या बाजूला पाटात ढेकूळ-पालापाचोळा टाकून पाणी अडवायचं. वाहतं पाणी तेवढंच, पण ते तिथे तुंबतं आणि आळ्यात शिरतं.

मूत्रपिंड हेच करतं. गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं. गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी आवळतं अँजिओटेन्सिन. अंगातलं पाणी कमी झालं, रक्तदाब उतरला, तरी या दोघांच्या जोरावर गाळणीतला दाब बराच काळ टिकतो. एखाद्या निरोगी माणसाला दिवसभर जुलाब झाले तरी क्रिएटिनिन बहुधा जागचं हलत नाही, ते यामुळे.

आता आमच्या रुग्णाच्या दोन पट्ट्या पाहा. डायक्लोफिनॅक प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही : वरचं तोंड अरुंद. टेलमिसार्टन अँजिओटेन्सिनला काम करू देत नाही : खालचा बांध काढून टाकला. हायड्रोक्लोरोथायझाइड आधीच कमी असलेल्या पाण्यातून आणखी मीठ-पाणी लघवीवाटे काढतं. जुलाबांनी पाटच आटवला होता. या चारही गोष्टी एका दिवशी एकत्र आल्या आणि आळं कोरडं पडलं.

टेलमिसार्टन वाईट औषध आहे असं यातून कुणी समजू नये. एरवीच्या दिवसांत गाळणीवरचा जादा दाब उतरवून तेच औषध मधुमेही रुग्णाचं मूत्रपिंड वर्षानुवर्षं सांभाळतं. ज्या कृतीने ते एरवी तारतं, तीच कृती पाणी आटलेल्या दिवशी मारक ठरते. डायक्लोफिनॅकबद्दल मात्र माझं मत तितकं उदार नाही. हे औषध दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारतभर गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. रायगडमधल्या म्हसळ्याच्या चिरगावला आता जी थोडी गिधाडं जपली जातात, त्यांच्या मागे ही गोष्ट आहे. गिधाडाचं शरीर वेगळं, माणसाचं वेगळं. माणूस हे औषध कितीतरी चांगलं पचवतो. तरीही ज्या गोळीचा मूत्रपिंडाशी असा संबंध आहे, ती महिनोन्महिने विचारल्याशिवाय घेतली जाते हे मला सलतं.

युरिया क्रिएटिनिनच्या ४० पटींहून जास्त होता. पाणी ओढून धरताना नलिका युरियाही परत ओढतात, म्हणून तो असा चढतो. नलिका जिवंत आहेत आणि जिवाच्या आकांताने पाणी धरून ठेवताहेत, असा त्याचा अर्थ मी लावला. पुढच्या निर्णयात याच आकड्याने मला धीर दिला. एरवी अशा वेळी लघवीतलं सोडियम मोजतात. पण मीठ बाहेर काढणारी गोळी पोटात असताना तो आकडा फसवतो.

सोडियम १३० का, हेही याच गोष्टीचं एक टोक. पाणी कमी पडलं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगतं. इथे पाणी आणि मीठ दोन्ही गेले होते, आणि भरपाई झाली ती साध्या पाण्याने व शहाळ्याने. रक्त पातळ होतंय हे मेंदूला कळतं, पण रक्तदाब घसरलेला असेल तर तो आधी रक्ताचं आकारमान वाचवतो, खारटपणा नंतर बघतो. म्हणून पाणी राखलं जात राहिलं आणि सोडियम उतरत गेलं.

पाणी राखण्यालाही हद्द असते. माणसाची लघवी जास्तीत जास्त लिटरला १२०० मिलिऑस्मोलपर्यंत (विरघळलेल्या कणांचं माप) घट्ट होऊ शकते, आणि रोजचा कचरा साधारण ६०० मिलिऑस्मोल असतो. म्हणजे काहीही झालं तरी दिवसाला अर्धा लिटर लघवी व्हायलाच हवी. त्याखाली कचरा साठतो. बांगडा समुद्राचंच पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. आपल्याला ती सोय नाही. म्हणून होडीवरचं गोडं पाणी संपलं तरी खलाशी समुद्राच्या पाण्याला तोंड लावत नाही. ते प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर काढायला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्ची पडतं.

आम्लाचा हिशेब

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. आपण जे खातो-पचवतो त्यातून रोज वजनाच्या किलोमागे एक मिलिमोल, म्हणजे या रुग्णाच्या अंगात साठेक मिलिमोल, असं आम्ल तयार होतं जे श्वासावाटे जाऊ शकत नाही. ते फक्त मूत्रपिंड बाहेर टाकतं.

त्याच्या कामाचे दोन भाग. पहिला, गाळणीतून खाली आलेलं बायकार्बोनेट वाया न घालवणं. दिवसाला ४००० मिलिमोलहून जास्त बायकार्बोनेट गाळलं जातं आणि जवळजवळ सगळं परत घेतलं जातं. चार-पंचमांशाहून जास्त नलिकेच्या पहिल्याच वळणात. दुसरा भाग, रोजचं साठ मिलिमोल आम्ल बाहेर टाकणं आणि त्यात खर्च झालेलं बायकार्बोनेट नव्याने बनवणं. इथे मोठी अडचण आहे. लघवी पीएच ४.५ च्या खाली आंबट होऊ शकत नाही, आणि सुटं आम्ल नुसतं ओतायचं तर ४.५ ला एका लिटरमध्ये त्याचा जेमतेम कणभर मावतो. म्हणून आम्ल कशात तरी बांधून पाठवावं लागतं. थोडं फॉस्फेटला बांधलं जातं. बाकीच्यासाठी नलिकेच्या पेशी ग्लुटामाइनपासून स्वतः अमोनिया बनवतात, तो आम्लाचा कण उचलून अमोनियम होतो आणि लघवीत जातो. अंगात आम्ल साठू लागलं की हा अमोनियाचा कारखाना अनेक पटींनी वाढतो, पण पूर्ण वेगाला यायला त्याला तीन ते पाच दिवस लागतात.

दोन दिवसांच्या आजारात तेवढी सवड कुठली? आणि वाहून न्यायला लघवीच नसेल तर अमोनिया बनून जाणार कुठे? आतड्यातला पातळ मल बायकार्बोनेटने भरलेला असतो. बारा-पंधरा जुलाबांत ते खाली जात राहिलं आणि भरून काढणारा विभाग बंद होता.

राहता राहिली फुप्फुसं. बायकार्बोनेट आम्लाला भेटलं की शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे काढता येतो. फुप्फुसं मिनिटांत कामाला लागतात. ती बायकार्बोनेट परत आणू शकत नाहीत, पण दुसऱ्या पारड्यातलं वजन कमी करून तराजू थोडा सावरतात. नातेवाइकांना दिसलेला ‘दम’ हाच.

फुप्फुसं जमेल तेवढं करताहेत का, हे तपासायला एक सोपं गणित आहे : बायकार्बोनेटची दीडपट, अधिक ८, एवढा कार्बन डायऑक्साइडचा दाब असायला हवा, दोनाचा फरक चालतो. दहाची दीडपट १५, अधिक ८ म्हणजे २३. मोजलेला दाब २४. श्वासाची बाजू चोख होती, तिच्यात वेगळा आजार नव्हता.

दुसरं गणित, अंगात आम्ल साठलं की अल्कली (म्हणजे बायकार्बोनेट) बाहेर गेली, हे सांगणारं. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की १३० – १०४ – १० = १६ उरतात. एरवी बारापर्यंत उरतात. म्हणजे न मोजलेली आम्लं चार एककांनी वाढली, पण बायकार्बोनेट एरवीच्या २४ वरून चौदाने उतरलं. बराचसा तोटा जुलाबावाटे गेलेल्या अल्कलीचा. मूत्रपिंड थांबल्याने साठलेल्या आम्लांचा आणि लॅक्टिक आम्लाचा वाटा लहान. सलाईन कुठलं लावायचं ते यावरून ठरलं.

शहाळं आणि पोटॅशियम

कोकणात कुणालाही जुलाब झाले की पहिलं शहाळं सोललं जातं. एरवी त्यात वावगं काही नाही. पण शहाळ्याच्या पाण्यात सोडियम थोडं आणि पोटॅशियम त्याच्या कितीतरी पट. एका मध्यम शहाळ्यात अर्धा ते पाऊण ग्रॅम पोटॅशियम असतं. जुलाबात जातं ते मुख्यतः सोडियम, आणि रक्ताचं आकारमान टिकतं तेही सोडियमवर.

जादा पोटॅशियम बाहेर टाकणं हे नव्वद टक्के मूत्रपिंडाचंच काम. त्यासाठी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक लागतं (टेलमिसार्टनने ते कमी केलेलं) आणि नलिकेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत मीठ-पाणी पोचावं लागतं (ते पोचतच नव्हतं). शिवाय रक्त आंबट झालं की पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात. जुलाबाच्या रुग्णाचं पोटॅशियम बहुतेक वेळा कमी भरतं. इथे ते ६.३ होतं आणि ईसीजी सांगत होता की हृदयाला त्याची झळ लागते आहे.

उपचार

पहिली सुई पोटॅशियमसाठी. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, ईसीजीकडे बघत हळूहळू. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही. हृदयाच्या पेशी तेवढ्यापुरत्या स्थिर होतात. पाच मिनिटांत टी-लहरी खाली बसल्या. मग १० युनिट इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पोटॅशियम पेशींत ढकललं जातं. साखर दर तासाला मोजत राहिलो, कारण मूत्रपिंड बंद असताना इन्सुलिनही अंगात रेंगाळतं.

सलाईनवर आमच्यात थोडी चर्चा झाली. सहकाऱ्याचं म्हणणं, पोटॅशियम ६.३ आहे तेव्हा रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. नॉर्मल सलाईन लावू. ही भीती सार्वत्रिक आहे आणि माझ्या मते चुकीची. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम लिटरला ४ मिलिमोल, रुग्णाच्या रक्तापेक्षा कमी. त्याने ६.३ चढणार कसं? नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड १५४, रक्तापेक्षा दीडपट. ज्याचं बायकार्बोनेट आधीच गेलं आहे त्याला लिटर-लिटर क्लोराइड दिलं की आम्लता वाढते आणि वाढलेल्या आम्लतेने पोटॅशियम पेशींतून आणखी बाहेर येतं. रिंगरमधल्या लॅक्टेटचं यकृत बायकार्बोनेट बनवतं. आम्ही रिंगर लॅक्टेट लावलं. पहिला लिटर अर्ध्या तासात, दुसरा पुढच्या तासात, मग छाती आणि मानेच्या शिरा तपासत सावकाश.

सोडाबायकार्ब शिरेतून दिलं नाही. पीएच ७.२ च्या वर होता, श्वास साथ देत होता, आणि गाळणी सुरू झाली तर हे काम मूत्रपिंड स्वतः करेल अशी मला आशा होती. ७.१ असता तर वेगळा विचार केला असता. जुलाबात रक्त नव्हतं, म्हणून प्रतिजैविकं नाहीत.

सगळ्यात अवघड प्रश्न डायलिसिसचा. देवगड-निपाणी रस्त्याने फोंडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर खाली गोवा. दोन्हीकडे काही तास. अस्थिर रक्तदाबाच्या माणसाला घाटात नेण्यात धोका, न नेण्यातही. सहा तास ठरवले. तेवढ्यात लघवी वाढली नाही किंवा पोटॅशियम पुन्हा चढलं तर निघायचं. रुग्णवाहिका दारात उभी ठेवली. काकींना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, लघवी मोजायची तर मी मोजू का? परिचारिकेने त्यांना पिशवीवरच्या रेघा दाखवल्या.

दोन लिटरनंतर रक्तदाब १०४/६६. चौथ्या तासाला २५ मिली लघवी. पोटॅशियम ५.४. सहाव्या तासाला ४५ मिली, रंग उजळलेला. रुग्णवाहिका परत पाठवली. पहाटे तासाला ८० मिली येत होती आणि श्वास मिनिटाला २० वर उतरला होता. काका डोळे उघडून म्हणाले, पेट्या गेल्या काय?

पुढचे दिवस

क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी २.६, चौथ्या दिवशी १.५. इतक्या वेगाने उतरलं, त्या अर्थी नलिका मेल्या नव्हत्या, फक्त उपाशी होत्या. आणखी एखादा दिवस असाच गेला असता तर त्या मेल्या असत्या आणि मग आठवडे लागले असते.

बायकार्बोनेटने मात्र घाई केली नाही. १०, मग २४ तासांनी १५, ४८ तासांनी १८, चौथ्या दिवशी २१. लघवी धो-धो होत असताना हे का रेंगाळतंय, असं तरुण सहकाऱ्याने विचारलं. अमोनियाचा कारखाना वेगाला यायला लागणारे तीन ते पाच दिवस ते हेच.

पोटॅशियमने तिसऱ्या दिवशी चकवलं : ३.३. जुलाबात पोटॅशियम खरोखरच गेलं होतं. अंगातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात दिसतं ते उरलेलं दोन टक्के. आंबट रक्तामुळे आणि बंद लघवीमुळे ते दोन टक्के फुगले होते आणि आतलं कोठार रिकामं होत होतं. आम्लता उतरली, पोटॅशियम पेशींत परतलं, लघवीतूनही वाहू लागलं, आणि कोठार रिकामं असल्याचं उघड झालं. त्या दिवशी मी काकींना शहाळी आणायला सांगितली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, कारण दोन दिवसांपूर्वी मीच शहाळं बंद केलं होतं. लघवी चालू आहे तोवर शहाळं औषध, लघवी बंद असताना तेच नको, एवढं त्यांना समजावलं.

त्याचबरोबर पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली. आतड्याच्या आतल्या थरात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारं एक दार असतं आणि जुलाबातही ते उघडं राहतं. ओआरएस चालतं ते याच दारातून. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून पटकीतले मृत्यू ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आणले. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असतं. पेजेतला पिष्टाचा कण आतड्यात ग्लुकोजच होतो. आपल्या आज्या पेजेत मिठाचा खडा टाकत होत्या ते योग्यच होतं. फक्त मीठ विसरता कामा नये. तयार पाकीट वापरायचं तर ते १ लिटरचं आहे की २०० मिलीचं, हे वाचून तेवढ्याच पाण्यात सगळं घालावं.

घरी सोडताना रक्तदाबाची गोळी बंद होती. पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन १.०, बायकार्बोनेट २४. तेव्हा टेलमिसार्टन एकटंच सुरू केलं, थायझाइड काढलं. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. डायक्लोफिनॅकची पट्टी काकींनी स्वतःच माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ही तुमच्याकडेच असू दे.

तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर खाली दोन ओळी असतात : उलट्या-जुलाब होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल, तर ही गोळी त्या दिवसापुरती थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा. खाणंपिणं सुरळीत झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू. हे टेलमिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांना लागू. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांना, मेटफॉर्मिनला आणि मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनाही. स्टेरॉइड, फिटची औषधं, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या यांना अजिबात लागू नाही, त्या अचानक सोडल्या तर वेगळंच संकट येतं. इन्सुलिनही आपल्या मनाने बंद करायचं नाही. म्हणून मी सरसकट यादी हातात देत नाही, त्या त्या गोळीसमोर लिहितो. असं लिहून देण्याने किती रुग्णांची मूत्रपिंडं वाचतात याचा भक्कम पुरावा अजून नाही, आणि काही रुग्ण गोळी थांबवतात ती पुन्हा सुरूच करत नाहीत. फोन करा, ही ओळ त्यासाठी आहे.

जुलैत, लावणीच्या दिवसांत, काकींचा फोन आला. काकांना ताप, दोन उलट्या. “गोळी देवची काय नको?” थांबवायला सांगितलं आणि लगेच बोलावलं, कारण शेतातल्या पाण्यात उतरलेल्या माणसाला ताप आला की लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) मनात ठेवावा लागतो आणि तोही मूत्रपिंडावरच येतो. चाचणी नकारात्मक आली. क्रिएटिनिन १.१, पोटॅशियम ४.४. लघवी किती झाली असं विचारायच्या आत काकींनी सांगितलं, सकाळपासून तीनदा, रंग पिवळट. पट्टी त्यांनी बरोबर आणली होती. मंगळवार आणि बुधवारची घरं भरलेली होती.